उन्हावर चालणारी नदी: श्योक आणि तिच्या उपनद्या

जुलैतली लडाखमधली दुपार. आभाळात ढगाचा तुकडा नाही, कित्येक दिवसांत पावसाचा थेंब नाही, आणि तरी संध्याकाळी नदी चढते. उलट दोन दिवस ढग दाटले, गारठा पडला की तीच नदी उतरते. कोयना-कृष्णेच्या काठावर वाढलेल्या माणसाला हे सगळं उफराटं वाटतं, कारण आपल्याकडे आभाळ आणि नदी यांचं नातं सरळ आहे: पाऊस पडला की पूर. श्योकच्या खोऱ्यात पाऊस जवळजवळ नाहीच. लेहला वर्षभरात साधारण १०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या घाटमाथ्यावर एवढा पाऊस एका दिवसात होतो. श्योकमधलं पाणी येतं ते मुख्यतः बर्फ वितळून. तिला पूर आणतं ते ऊन.

एवढी एक गोष्ट पक्की धरली की या नदीच्या बहुतेक वागण्याचा उलगडा होतो: रस्ते का वाहून जातात, गावं नदीपासून दूर का वसली आहेत, व्यापारी तांडे हिवाळ्यात नदीच्या पात्रातूनच का जात. पण आधी नकाशा पाहू, कारण नदीची वाटच विलक्षण आहे.

सुरू होते त्याच अक्षांशावर, पण दीडशे किलोमीटर पश्चिमेला संपते

श्योक काराकोरम पर्वतरांगेतल्या रिमो हिमनदीच्या तोंडातून निघते. उंची पाच हजार मीटरच्या आसपास. तिथून ती आग्नेयेला आणि मग दक्षिणेला येते, दीड-दोनशे किलोमीटर वाहून श्योक गावाजवळ पोचते, आणि तिथे एकदम मागे वळते. पुढचा सगळा प्रवास वायव्येला: अघम, खलसर, दिस्कित, हुंडर, तुर्तुक, मग नियंत्रणरेषा ओलांडून पाकिस्तानच्या ताब्यातल्या बाल्टिस्तानात खपलू, आणि शेवटी स्कार्दूच्या अलीकडे केरिस इथे सिंधूशी संगम. एकूण लांबी सुमारे ५५० किलोमीटर, पाणलोट क्षेत्र सुमारे ३३ हजार चौरस किलोमीटर. रिमोचं तोंड ३५ अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर आहे आणि केरिसही ३५ अंशाच्या जरा वरच. मधल्या काळात नदी सव्वाशे किलोमीटर दक्षिणेला येऊन पुन्हा तेवढीच उत्तरेला जाते.

या वळणाच्या पोटात सासेर पर्वतसमूह उभा आहे. त्याचं सर्वोच्च शिखर सासेर कांग्री ७,६७२ मीटर. त्याच्या पूर्वेला वरची श्योक, दक्षिणेला वळलेली श्योक, पश्चिमेला नुब्रा. म्हणजे हा डोंगर तीन बाजूंनी एकाच नदीव्यवस्थेने वेढलेला आहे. पूर्वेकडच्या सासेर ब्रांग्सा या मुक्कामापासून पश्चिमेकडच्या सासोमाला जायला सासेर ला ही खिंड ओलांडली की झालं; पाणी मात्र वळसा घालून, दोनशेच्या आसपास किलोमीटर जास्तीचे चालून नुब्राला भेटतं.

नदी अशी का वळली? श्योक गावाच्या दक्षिणेला लडाख पर्वतरांग आडवी पडलेली आहे, आणि ती ग्रॅनाइटची आहे: अभंग, कठीण, सहज न कापला जाणारा खडक. तिच्या उत्तरेला मात्र कवच मोडलेलं आहे. इथून काराकोरम भ्रंश जातो. भ्रंश म्हणजे पृथ्वीच्या कवचातली अशी भेग, जिच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासत सरकतात. लाखो वर्षांच्या घासाघाशीत भेगेलगतचा खडक भरडला जातो, आणि भरडलेला खडक पाण्याला पटकन उकरता येतो. नुब्राची दरी इतकी सरळसोट दिसते ती याच भ्रंशावर कोरली गेली म्हणून, आणि पनामिकचे गरम पाण्याचे झरे याच रेषेवर आहेत. त्यातच भारतीय भूखंड आशियाला भिडण्याच्या काळात इथे जुना समुद्र मिटला, त्याचीही शिवण याच पट्ट्यात आहे. भूशास्त्रज्ञ तिला श्योक शिवण म्हणतात. उत्तरेकडून आलेल्या नदीसमोर कठीण भिंत आली आणि बाजूला कमकुवत पट्टा तयार होता. ती त्या पट्ट्याने गेली.

याच वळणाजवळ तांगत्सेकडून येणारी छोटी नदी मिळते. आज ती किरकोळ वाटते, पण एके काळी पांगोंग सरोवराचं जादा पाणी तिच्यातून श्योकला येत असे. पुढे हवामान कोरडं होत गेलं, सरोवराची पातळी खाली गेली आणि मुगलिबजवळची बाहेर पडायची वाट गाळाने उंचावली. पाणी येतं पण जात नाही, फक्त बाष्प होऊन उडतं; म्हणून पांगोंग खारं झालं. लेहहून नुब्रा करून पांगोंगला जाणारे हजारो मराठी पर्यटक अघम-श्योक-दुर्बुक-तांगत्से रस्त्याने जातात, तेव्हा ते याच जुन्या पाणवाटेने, फक्त उलट दिशेने, जात असतात.

डावा काठ कोरडा, उजवा काठ बर्फाचा

नदीच्या प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभं राहिलं की डावीकडे डावा काठ, उजवीकडे उजवा. श्योकच्या उपनद्या या एका फरकाने लक्षात ठेवणं सोपं जातं.

वरच्या टप्प्यात डाव्या काठाला, म्हणजे पूर्वेकडून, येणाऱ्या उपनद्या लांब आहेत पण पाण्याने बारीक. चिप चाप अक्साई चीनच्या बाजूने पश्चिमेला वाहत येते आणि गपशानजवळ श्योकला मिळते. तिच्या दक्षिणेला देपसांगचं पठार पसरलेलं आहे. दौलत बेग ओल्डीची ५,०६५ मीटर उंचीवरची धावपट्टी याच परिसरात आहे. मग मुर्गोचा नाला, त्याच्या दक्षिणेला गलवान, आणि आणखी खाली चांग चेनमो. या बाजूला पठार आहे, हिमनद्या थोड्या. पठारावर या नद्या पसरट, उथळ वाहतात आणि शेवटच्या टप्प्यात खोल घळीत उतरतात. गलवान सुमारे ८० किलोमीटर लांब आहे, आणि तिचं तोंड म्हणजे उंच कड्यांमधली अरुंद वाट आहे. तिला नाव मिळालं ते लेहच्या गुलाम रसूल गलवान यांचं, जे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशी शोधमोहिमांबरोबर या भागात फिरले. १५ जून २०२० च्या रात्री याच घळीत २० भारतीय सैनिकांना वीरमरण आलं. चांग चेनमोच्या खोऱ्यात हॉट स्प्रिंग्ज नावाचं ठिकाण आहे. २१ ऑक्टोबर १९५९ ला तिथे १० पोलीस जवान शहीद झाले, आणि तेव्हापासून देशभर २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन पाळला जातो. या दोन्ही नावांची ओळख आपल्याला बातम्यांतून झाली, पण नकाशावर त्या श्योकच्या डाव्या काठाच्या दोन उपनद्या आहेत, आणि वरच्या श्योकच्या खोऱ्यातून पूर्वेच्या पठाराकडे जायच्या नैसर्गिक वाटा याच.

उजव्या काठाचं सगळं वेगळं. सासेरच्या पूर्व उतारावरून येणारे प्रवाह आखूड, उभे आणि बर्फाने भरलेले. काही ठिकाणी तर नदी मिळायच्या ऐवजी हिमनदीच थेट श्योकच्या पात्रात येऊन ठेपते. श्योक गावाजवळ नदी वळल्यावर दिशा बदलते, पण काठांचा हा स्वभाव बदलत नाही: आता उजवा काठ म्हणजे उत्तर, तिथे पुन्हा काराकोरम आणि त्यातून येणारी नुब्रा, डावीकडे लडाख रांगेचे किरकोळ नाले. श्योकचं बहुतेक उन्हाळी पाणी आणि तिची बहुतेक संकटं उजव्या काठाकडून येतात.

उगमाशी असलेली रिमो हिमनदी तर एक वेगळंच प्रकरण आहे. इटालियन संशोधक फिलिप्पो दे फिलिप्पी यांच्या १९१३-१४ च्या मोहिमेने दाखवून दिलं की तिचं पाणी दोन दिशांना जातं. एक वाटा श्योकमधून सिंधूला आणि अखेर अरबी समुद्राला. दुसरा यारकंद नदीतून तारीमच्या खोऱ्यात, जिथे ते वाळवंटातच जिरतं, कोणत्याही समुद्राला मिळत नाही.

बर्फाची धरणं

सासेरच्या पूर्व उतारावरून तीन हिमनद्या श्योकच्या पात्राकडे उतरतात: थोरली चोंग कुमदान, तिच्या दक्षिणेला धाकटी किचिक कुमदान, आणि आणखी खाली अक्ताश. या भागातल्या काही हिमनद्यांना झेप घेण्याची सवय आहे. बरीच वर्षं त्या जवळजवळ थांबल्यासारख्या असतात. वरच्या भागात बर्फ साठत राहतो, तळाशी वितळपाणी अडकून दाब वाढतो, आणि मग बूड निसटल्यासारखी हिमनदी थोड्याच काळात एरवीच्या कित्येक पट वेगाने पुढे सरकते. चोंग कुमदानने अशी झेप घेतली की तिचं नाक पात्र ओलांडून समोरच्या कड्याला टेकतं. झालं धरण तयार. मागे रिमो आणि चिप चापचं पाणी साठू लागतं.

बर्फाचं धरण मातीच्या धरणासारखं वरून वाहून फुटतंच असं नाही. बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो; एक घनमीटर बर्फाचं वजन साधारण ९१७ किलो, पाण्याचं १,०००. त्यामुळे मागचं पाणी बर्फाच्या भिंतीच्या नऊ-दशांश उंचीपर्यंत चढलं की भिंत तळाशी उचलली जाऊ लागते. पाणी खालून वाट काढतं. वाहतं पाणी बर्फ वितळवतं, बोगदा रुंदावतो, रुंद बोगद्यातून जास्त पाणी जातं, ते आणखी बर्फ खातं. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबत नाही; म्हणून धरण महिनोन्‌महिने टिकतं आणि काही तासांत संपतं.

चोंग कुमदानचं धरण १९२६, १९२९ आणि १९३२ मध्ये असं फुटलं. सगळ्यात मोठं १९२९ च्या ऑगस्टमधलं. तेव्हा मागे सुमारे १६ किलोमीटर लांबीचं तळं साठलं होतं, आणि त्यातलं पाणी १३५ कोटी घनमीटरच्या घरात होतं. आपल्या हिशेबात सांगायचं तर सुमारे ४८ टीएमसी. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चारही धरणांची मिळून क्षमता २९ टीएमसी आहे. त्याच्या दीडपटीहून जास्त पाणी साधारण दोन दिवसांत दरीत सुटलं. श्योकच्या काठची शेतं गेली, आणि लाट सिंधूतून खाली हजार किलोमीटरहून दूर अटकपर्यंत पोचली. तिथेही पाणी कित्येक मीटर चढलं. मराठी फौजा १७५८ मध्ये जिथवर पोचल्या आणि आपल्या भाषेला 'अटकेपार' हा शब्द मिळाला, तेच हे अटक.

सध्या चोंग कुमदानचं नाक पात्राच्या आड आलेलं नाही, नदी बाजूने वाहते. पण झेप घेणाऱ्या हिमनद्या पुन्हा झेप घेतात. आज फायदा इतकाच की उपग्रहचित्रांत दर काही दिवसांनी पात्र दिसतं. पाहायच्या दोन गोष्टी: हिमनदीचं नाक आणि समोरचा कडा यांतलं अंतर, आणि नाकाच्या वरच्या बाजूला पात्रात अचानक दिसू लागलेलं निळसर स्थिर पाणी. वाहतं श्योकचं पाणी राखाडी असतं; साठलं, गाळ बसला की रंग बदलतो.

नदीचं घड्याळ

उन्हावर चालणारी नदी रोज भरते आणि रोज ओसरते. बर्फाच्या तोंडाशी सकाळी पाणी सर्वांत कमी, दुपारनंतर चढत जातं, आणि संध्याकाळी ५-६ च्या सुमाराला सर्वांत जास्त. यावरून एक नियम सगळे सांगतात: नाला सकाळी लवकर ओलांडा. नियम बरोबर आहे, पण फक्त बर्फाजवळच्या छोट्या नाल्यांसाठी. मोठ्या नदीच्या काठी तो घात करू शकतो.

कारण साधं आहे. वर संध्याकाळी चढलेलं पाणी खाली पोचायला वेळ लागतो. उतारावरच्या नदीत फुगवटा साधारण ताशी ५ ते ८ किलोमीटरने पुढे जातो. म्हणजे बर्फापासून ४० किलोमीटर खाली तो मध्यरात्रीच्या आसपास येईल, ८० किलोमीटर खाली पहाटे किंवा सकाळी. अशा ठिकाणी सर्वांत कमी पाणी दुपारी असू शकतं. म्हणून कुठल्याही ठिकाणी पहिला प्रश्न हा: यातलं पाणी किती लांबच्या बर्फाचं आहे? शंभर-दीडशे किलोमीटर खाली गेल्यावर वेगवेगळ्या उपनद्यांचे फुगवटे एकमेकांत मिसळतात आणि रोजचा चढउतार पुसट होतो, पण हंगामाचा राहतोच: जुलै-ऑगस्टमध्ये सर्वांत जास्त पाणी, सप्टेंबरच्या मध्यानंतर झपाट्याने उतार.

२८ जून २०२४ च्या रात्री सासेर ब्रांग्साजवळ श्योक ओलांडताना लष्कराचा एक टी-७२ रणगाडा अडकला आणि पाच सैनिकांचा मृत्यू झाला. पाणी अचानक वाढलं, हे कारण लष्कराने सांगितलं. ४० टनांहून जड वाहन, प्रशिक्षित माणसं, आणि तरीही. बर्फाच्या तोंडापासून चाळीसेक किलोमीटरवर मध्यरात्रीनंतर पाणी चढणं वरच्या हिशेबात बसतं.

पाण्याची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला तर धक्का चौपट. म्हणून खोली जेमतेम वीतभर वाढली तरी दहा मिनिटांपूर्वी ओलांडता आलेला नाला आता ओलांडता येत नाही. त्यात पाणी शून्याच्या जरा वर, एक-दोन अंश; पाय काही मिनिटांत बधिर होतात आणि दगडाचा अंदाज येईनासा होतो. शिवाय तळ दिसत नाही. हिमनदी खडक दळत सरकते, त्याचं बारीक पीठ पाण्यात तरंगतं आणि पाणी सिमेंटच्या रंगाचं होतं. हे पीठ गाळणीतून निघत नाही. भांड्यात रात्रभर ठेवून वरचं निवळलेलं पाणी घ्यावं आणि उकळावं. गाडीच्या ब्रेकमध्ये आणि बेअरिंगमध्येही तेच जाऊन बसतं.

नुब्रा, वाळू आणि गावं

नुब्रा ही श्योकची सगळ्यात महत्त्वाची उपनदी. तिचा उगम ७६ किलोमीटर लांबीच्या सियाचिन हिमनदीच्या तोंडातून होतो. दिस्कितच्या समोर दोघी मिळतात तिथे उंची सुमारे ३,१०० मीटर आणि दरी इतकी रुंद की नदीला एक पात्र उरत नाही. उतार कमी झाला की पाण्याला गाळ पेलवत नाही. तो मध्येच टाकला जातो, गाळाचं बेट होतं, प्रवाह फुटतो, पुन्हा जुळतो. दरवर्षी, कधी दर आठवड्याला, मुख्य धार जागा बदलते. त्यामुळे इथे 'नदी कुठून ओलांडायची' याचं गेल्या वर्षीचं उत्तर यंदा चालत नाही, आणि पुलाच्या भरावाला एका बाजूने घासत आलेली धार हा इथल्या रस्त्यांचा कायमचा आजार.

हुंडरच्या वाळूच्या टेकड्या याच गाळातून आल्या. शरदात पाणी उतरतं, मैलोन्‌मैल पात्र उघडं पडतं, दुपारचा वारा दरीतून जोराने वाहतो. बारीक वाळू उचलली जाते आणि वारा मंदावतो तिथे पडते. टेकड्यांवर दिसणारे दोन वशिंडांचे उंट जुन्या लेह-यारकंद व्यापाराची आठवण आहेत. साधारण १९५० च्या सुमारास तो मार्ग बंद झाला आणि उंट इथेच राहिले.

गावांची जागा पाहण्यासारखी आहे. दिस्कित, हुंडर, सुमूर, तुर्तुक यांपैकी कोणतंही गाव श्योकच्या किंवा नुब्राच्या मुख्य पाण्यावर शेती करत नाही. प्रत्येक गाव बाजूच्या डोंगरातून उतरणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी, गाळाच्या पंख्यासारख्या पसरलेल्या उतारावर आहे. मोठी नदी खाली आहे, गढूळ आहे, जागा बदलते. तिच्यातून पाट काढणं परवडत नाही. बाजूचा नाला वरून येतो, म्हणून उताराने पाट शेतात नेता येतो. खलसरहून तुर्तुककडे जाताना राखाडी डोंगरात मध्येच हिरवा त्रिकोण दिसला की वर नाला आहे असं खुशाल समजावं. तुर्तुक २,९०० मीटरच्या आसपास, म्हणून तिथे जर्दाळू होतात आणि जवानंतर कुट्टूचं दुसरं पीकही निघतं. या रचनेचा धोकाही तोच आहे: क्वचित ढगफुटी झाली तर नाला चिखल-दगड घेऊन थेट गावावर येतो. ६ ऑगस्ट २०१० ला लेहमध्ये असंच झालं होतं.

तुर्तुक, त्याक्षी, चालुंका आणि थांग ही गावं १९७१ च्या युद्धात भारताकडे आली. इथे दरी पुन्हा अरुंद होते, रस्ता कड्याच्या पोटात आणि नदी खाली. २७ मे २०२२ ला नुब्रातल्या थॉइस हवाई तळापासून सुमारे २५ किलोमीटरवर जवानांची गाडी श्योकमध्ये कोसळली आणि सात जवान गेले. त्यांत सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांतले दोघे होते.

पुढे बाल्टिस्तानात उजव्या काठाने साल्तोरो आणि हुशे यांचं पाणी खपलूजवळ येतं. साल्तोरो येते सियाचिनच्या पश्चिमेच्या कड्यापलीकडून, हुशे मशरब्रुमच्या बाजूने. पुन्हा उजवा काठ, पुन्हा बर्फ. तिथून केरिसला सिंधू.

हिवाळा आणि रस्ता

डिसेंबर ते मार्च नदी उन्हाळ्याच्या मानाने अगदीच थोडी उरते. काठाकडून गोठत येते, मधली धार उघडी राहते. जुन्या तांड्यांचे म्हणून दोन मार्ग होते: उन्हाळ्यात नुब्रा आणि सासेर ला वरून, हिवाळ्यात खिंडी टाळून सरळ श्योकच्या पात्रातून वर मुर्गोपर्यंत. तिथून पुढे पात्रानेच कुमदानांच्या शेजारून गपशानला जाणं जवळचं, पण बर्फाने वाट अडवली असेल तर देपसांगवरून वळसा. दोन्ही वाटा पुढे ५,५४० मीटर उंचीच्या काराकोरम खिंडीकडे जात.

दुर्बुक-श्योक-दौलत बेग ओल्डी या २५५ किलोमीटरच्या रस्त्याने हा हिवाळी मार्ग बारमाही करायचा प्रयत्न केला. पहिली आखणी बरीचशी पात्रालगत होती. हिवाळ्यात पात्र रिकामं दिसतं, जागा सपाट असते. उन्हाळ्यात ती नदीचीच जागा निघाली आणि रस्त्याचे तुकडे वाहून गेले. मग बराच भाग वर, कड्याच्या बाजूला पुन्हा बांधावा लागला आणि रस्ता २०१९ मध्ये पूर्ण झाला. २१ ऑक्टोबर २०१९ ला खुला झालेला कर्नल चेवांग रिंचेन सेतू याच रस्त्यावर श्योक ओलांडतो: लांबी १,४०० फूट, उंची सुमारे १४,६५० फूट. फिरत्या धारेवर पूल बांधायचा तर तो आजच्या धारेएवढा ठेवून चालत नाही, पूर्ण पात्राएवढा लांब लागतो.

खलसर-अघम-श्योक रस्त्याने पांगोंगला निघणाऱ्यांसाठी शेवटी थोडं कामाचं. जुलै-ऑगस्टमध्ये हा टप्पा सकाळी लवकर पार करावा. इथले त्रासदायक नाले मोठी श्योक नव्हे तर बाजूचे आखूड नाले आहेत, आणि त्यांच्यासाठी सकाळचा नियम खरा ठरतो. सलग चार-पाच दिवस कडक ऊन पडलं असेल तर पाणी आणखी वाढलेलं धरावं. रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यासमोर थांबून आधी दुसरी गाडी जाताना पाहावी: पाणी चाकाच्या मध्याच्या वर जात असेल तर छोटी कार घालू नये, दोन फूट पाण्यात ती तरंगायला लागते. दगड गडगडत असल्याचा आवाज येत असेल तर पायीही उतरू नये. ओलांडून झाल्यावर थोडं अंतर ब्रेक हलके दाबत जावं म्हणजे ते कोरडे होतात. आणि कडक उन्हाच्या दुपारी वाहता नाला एकाएकी आटला, तर ती संधी समजून आत शिरू नये. वर कुठेतरी दरड किंवा बर्फ पडून पाणी अडलेलं असण्याची शक्यता आहे. लगेच पात्रापासून दूर, उंचावर जावं, खालच्या बाजूच्या लोकांना आणि जवळच्या चौकीला कळवावं.